काळीतलं घर

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सगळं लख्ख दिसतं. पेपर दिसतो, तांदळातले खडे दिसतात, आणि हॉलच्या भिंतीवरची भेगही पुन्हा दिसायला लागली आहे.

ही भेग आमच्या घरातली जुनीच मेंबर. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघते आणि विटांच्या सांध्यांतून जिना उतरावा तशी तिरकी खाली येते. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं जायचं, ऑगस्टमध्ये पोस्टकार्डाची कडही जात नसे. मुलं लहान असताना उन्हाळ्यात तिच्यात नाणी सरकवायचा खेळ खेळत. एकदा पावसाळा आला आणि पाच पैसे आतच राहिले. ते अजून आत आहेत.

आज हा विषय निघाला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलामुळे. तो पुण्यात कंपनीत असतो. आईवडिलांसाठी परभणीत घर बांधायचं म्हणून त्यानं गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला. मागच्या आठवड्यात त्यानं मला घराचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र पाठवलं. पुढे दोन उंच खांब, काचेचं रेलिंग, संध्याकाळचे दिवे लागलेले, दारात एक मोठी गाडी (जी त्याच्याकडे नाही!). मी फोन केला. म्हटलं, "छान आहे रे. खाली काय आहे?"

"खाली पार्किंग."

"त्याच्या खाली?"

"मावशी, त्याच्या खाली काय असणार? जमीन!"

मी त्याला पुढे काय काय म्हणाले ते सांगते. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग असत, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा, गावठाण. काळी म्हणजे शेतं. राहायचं पांढरीत आणि पिकवायचं काळीत. माझ्या सासरचा वाडा असाच पांढरीच्या उंचवट्यावर होता आणि त्याच्या माळवदावरही पांढरी मातीच घातलेली होती. सासूबाई दर उन्हाळ्यात मजूर लावून माती नवी करून घेत. आता त्या घरांचं मी उगाच कौतुक करणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर मराठवाड्यात ज्याला त्याला सिमेंटचं घर हवंसं झालं, आणि त्यात काही चूक नव्हतं. पण सिमेंटकडे जाताना आपण पांढरी सोडून काळीत उतरत होतो. गावं वाढली ती शेतांत वाढली. आज जे एन.ए. प्लॉट विकले जातात, ते बहुतेक कालपर्यंत कापसाचे आणि ज्वारीचेच तुकडे होते.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी रेगूर मृदा यायची. बेसॉल्टची झीज होऊन बनते, ओलावा धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, म्हणून ती स्वतःची नांगरट स्वतःच करते, कापसाला उत्तम. मी फळ्यावर लिहायची, मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत 'वैशिष्ट्ये लिहा' म्हणून प्रश्न यायचा. त्याच मातीत १९८७ साली आम्ही घर बांधलं. जी माती स्वतःला नांगरते ती माझ्या घरालाही नांगरील, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बी.ए. होऊन हे!

बजेट होतं एक लाख दहा हजार. थोडं कर्ज, थोडे ह्यांच्या फंडातून उचललेले, माझ्या दोन पाटल्या. दिवाळीनंतर पाया खणायला घेतला. चार फुटांवर गेलो तरी माती काळीभोरच, फावड्याला खव्यासारखी चिकटणारी. मिस्त्री खड्ड्यात उतरले, अंगठ्यानं माती दाबून पाहिली आणि वर बघून म्हणाले, "बाई, अजून दोन-तीन हात जाऊ द्या खाली. मुरूम लागंल. काळ्यात नका बसवू घर."

हात म्हणजे दीड फूट. सगळ्या घराखाली आणखी तीन ते साडेचार फूट खोदाई आणि तेवढंच दगडी बांधकाम. हिशेब बारा हजारांच्या घरात गेला. त्याच बारा हजारांत पोर्च आणि गच्चीचा जिना होत होता. ह्यांनी सांगितलं की शेजाऱ्यांचे पाये साडेतीन फुटांचेच आहेत. आम्ही दोघांनी पोर्चला मान डोलावली. खरं सांगायचं तर आधी मी डोलावली.

कर्ज देणाऱ्या बँकेनं आमच्याकडे जागेचे कागद मागितले, नकाशा मागितला, पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या. मातीबद्दल कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

१९८९ च्या उन्हाळ्यात पहिली भेग आली. मिस्त्रींचे शेवटचे पंधराशे रुपये द्यायचे राहिले होते, त्यासाठी ते एका रविवारी आले. मी फाटकातच उभी राहून, शेजारपाजारी ऐकत असताना म्हणाले, "पैसे कसले मागता? सिमेंट खाल्लंत तुम्ही आमचं." ते काही बोलले नाहीत. फाटकातूनच त्यांनी घराच्या बाजूला पाहिलं, जिथे मोरीचं पाणी भिंतीलगत सोडलं होतं आणि त्यावर माझं अळू माजलं होतं. एवढंच म्हणाले, "बाई, पाणी तिथं मुरतंय." आणि गेले. पुन्हा आले नाहीत. अळूच्या वड्या मात्र आमच्याकडे फार छान व्हायच्या.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं आम्ही भेग भरत राहिलो. तीही चुकीच्या वेळी. भेग मे महिन्यात सगळ्यात रुंद दिसते, म्हणून मे महिन्यात सिमेंट भरायचं. पावसाळ्यात माती फुगून भेग मिटायला बघते, पण आत आम्ही गच्च भरून ठेवलेलं. मग शेजारी दुसरी भेग. रंगाचे पैसे गेले ते वेगळेच. पावसाळ्यात मागचं दार लागेना, तेव्हा लाकूड फुगलं म्हणून सुतार बोलावून दार तासून घेतलं. उन्हाळ्यात त्याच दाराच्या वरून बोट जाईल एवढी फट! हलत होती ती चौकट, हे कळायला फार वर्षं लागली.

२०११ साली आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहायला आले. एके दिवशी चहाला आले असताना भेग बघत बसले आणि म्हणाले, "कोपऱ्यात एक खड्डा घेऊन बघू या का?" मजूर लावला. साडेसात फुटांवर कुदळीचा आवाज बदलला. पिवळसर, खरखरीत मुरूम. चार फुटांच्या खाली साडेतीन फूट, म्हणजे दोन हातांच्या किंचित पुढे. मिस्त्रींनी अंगठ्यानं माती दाबून जे सांगितलं होतं, ते तंतोतंत.

मी दुसऱ्या दिवशी त्यांचं घर शोधत गेले. ते जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोच्या हातात मी पाकीट दिलं, पंधराशेचे व्याजासकट जमतील तेवढे केले होते. कशाचे पैसे, ते तिला माहीत नव्हतं. त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, सिमेंट खाल्लंत म्हणाले होते तेही. तिनं चहा केला. असो.

इंजिनिअर साहेबांनी मला या मातीचं जे समजावलं ते मी शिकवताना कधी एवढं नीट समजून घेतलं नव्हतं. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक. पाणी थरांच्या मध्ये शिरतं, कॅट फुगतो. पाणी उडून गेलं की बसतो. फुगताना ती जो जोर लावते तो बैठ्या घराला सहज उचलतो. ऐकायला उलटं वाटेल, पण इथे हलक्या घराला जास्त त्रास, कारण वरून दाबून धरायला वजनच नाही. आणि ती सगळीकडे सारखी उचलत नाही, खरी गोम इथे आहे. घराच्या मधोमध फरशीखाली ऊन-वारा लागत नाही, तिथे ओल साचून राहते. कडेला ऊन आणि पाऊस आलटून पालटून. आमच्याकडे तर मोरीची बाजू बारा महिने ओली, आणि समोरच्या कोपऱ्यात हौसेनं लावलेला कडुलिंब तिथलं सगळं पाणी ओढून घेणारा. सगळं घर मिळून एकसारखं वरखाली झालं असतं तरी चाललं असतं. एक कोपरा अर्धा इंच हलला की भिंत फाटते.

आता पाया खाली नेणं शक्य नव्हतं. मग आम्ही पाणी आवरलं. मोरीचं पाणी पाइपमधून लांब नेलं, अळू काढलं (वाईट वाटलं), पन्हाळी बसवल्या, आणि घराभोवती सहा फूट रुंद मुरूम दाबून बसवून त्यावर बाहेर उतार असलेली फरसबंदी केली. कडुलिंब तोडायचा नाही असं साहेबांनी बजावलं, कारण झाड एकदम गेलं की कोरडी पडलेली माती पाणी पिऊन फुगते. त्याच्या फांद्या दर वर्षी थोड्या उतरवतो. त्या खर्चाची बेरीज आजच्या हिशेबानं बारा हजारांच्या किती पट होते ते मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. पण त्यानंतर भेग तेवढ्यावरच आहे.

तर भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मावशी, तुमचं लोडबेअरिंग होतं गं. आता आरसीसी असतं. कॉलम, बीम, सळई. आता तडे जात नाहीत."

माझं म्हणणं आहे ते याच वाक्याबद्दल. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपण काँक्रीटवर असा विश्वास ठेवायला लागलो की खालची जमीन विचारण्यासारखीच राहिली नाही. फुटिंग काळीत टेकलेलं असेल तर कॉलमही काळीबरोबर वरखाली होणार. दोन शेजारचे कॉलम वेगवेगळे हलले की त्यांच्यामधला बीम आणि वीटकाम ते सोसतं, आणि सोसेनासं झालं की फाटतं. कॉलम मुरमापर्यंत नेले, पण प्लिंथ बीम आणि फरशी काळीवरच टेकवली, तरी ती खालून ढकलतेच. मधोमध फुगलेल्या फरश्या पाहायच्या असतील तर आमच्या कॉलनीत या, पाच-सहा घरं दाखवते.

काँक्रीट नीट करायला मी त्याला सांगितलंच आहे. एम २० च्या साध्या प्रमाणाला सिमेंटच्या पोत्यामागे पाणी ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नकोस, मजूर हात सोपा जावा म्हणून डबे ओतत राहतात. हल्लीच्या मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस पाणी मार, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पण हे सगळं सांभाळून केलेलं उत्तम काँक्रीट फुगणाऱ्या मातीवर ठेवलं, तर उत्तम काँक्रीटला तडा जातो. बाकी काही फरक नाही.

त्याला पटेना, म्हणून मी एक उद्योग केला. मेहुण्यांना त्याच्या प्लॉटवरची तीन फूट खालची माती पिशवीतून आणायला सांगितली. माझ्या जुन्या शाळेतून १०० मिलीची दोन मोजपात्रं आणली. माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीनं चाळली आणि सोनाराच्या काट्यावर १०-१० ग्रॅम तोलून घेतली. (सोनार म्हणाला, "बाई, यात काय सापडलं?") एका पात्रात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेल मिळवणं हाच सगळ्यात अवघड भाग होता. नीट ढवळून २४ तास ठेवलं. रॉकेल या मातीला फुगवत नाही, पाणी फुगवतं. भारतीय मानकांत ही चाचणी आहे, आयएस २७२०, भाग ४०. खऱ्या चाचणीला चाळणी ४२५ मायक्रॉनची लागते आणि ती प्रयोगशाळेतच करून घ्यायची असते, माझी आपली घरगुती. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती १० च्या खुणेवर बसली होती आणि पाण्यातली १८ वर. म्हणजे ८० टक्के फुगली. दोन्ही पात्रं शेजारी ठेवून फोटो काढला आणि त्याच्या घराच्या चित्राच्या खाली पाठवून दिला.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. या वेळी त्यानं प्रश्न विचारले.

मेहुण्यांनी जेसीबीनं खड्डा घेतला तर नऊ फुटांवरही काळीच. ठेकेदाराच्या ड्रॉइंगमध्ये फुटिंग साडेचार फुटांवर आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, खाली वाळूचा जाड थर देतो, काही होत नाही. मला हे ऐकून धडकीच भरली. काळीतल्या खड्ड्यात वाळू भरणं म्हणजे मातीला पाणी पाजायला भांडं करून देणं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर वर्षानुवर्षं काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा दाबून बसवलेला थर दिला, तर खालच्या काळीचं फुगणं आवरतं, हे त्यांनी दाखवून दिलं. अशी माती म्हणजे आपल्याकडे चांगली मुरमाड माती. वाळू नव्हे.

जिथे मुरूम फार खोल आहे तिथल्यासाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं १९५० च्या दशकातच अंडर-रीम्ड पाइलची पद्धत बसवली. जमिनीत गिरमिटासारख्या अवजारानं भोक पाडायचं, तळाजवळ ते कापून रुंद करायचं, सळईचा सांगाडा सोडून काँक्रीट भरायचं. खालचा फुगवटा साधारण वरच्या खांबाच्या अडीचपट रुंद असतो, त्यामुळे माती वर ओढायला लागली तरी पाइल सुटत नाही. खोल काळीत अशी पाइल निदान साडेतीन मीटर न्यायची, कारण ऋतूंप्रमाणे ओल बदलते ती साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. आणि वरचा बीम मातीवर टेकवायचा नाही, खाली तीनएक इंच पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी त्याला लागत नाही. आमच्या इंजिनिअर साहेबांनी भाच्याला हे कागदावर काढून दिलं. ठेकेदार म्हणाला, "साहेब, इकडे असं कोणी करत नाही."

इकडे कोणी करत नाही, हे खरं आहे. १९८७ साली शेजाऱ्यांच्या पायाकडे बोट दाखवून आम्हीही हेच म्हणालो होतो. मला ठेकेदारावर राग काढायचा नाही, एकदा काढून झाला आहे. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून तो करत नाही. गिऱ्हाईक विचारतं ते एलिव्हेशन, टाइल्स, मॉड्युलर किचन. माझ्या मते प्लॉट विकणाऱ्यालाच सक्ती असावी की लेआउटमध्ये मुरूम लागेपर्यंत एक खड्डा खणून तो कठडा घालून उघडा ठेवायचा. बागेचा बोर्ड लावतात ना, त्याच्या शेजारी. घेणाऱ्यानं वाकून बघावं आणि मग भाव करावा. कर्ज देणाऱ्यांनीही सातबाऱ्याबरोबर मातीचा एक कागद मागावा. त्याला चाचणीचा खर्च कितीसा येतो?

यावर भाच्याचं म्हणणंही खोटं नाही. तो म्हणतो, "मावशी, जमिनीत घातलेले पैसे कोणाला दिसत नाहीत, आईबाबांना तर घर दाखवायचंय." माझी बहीण लग्नानंतर भाड्याच्या सात घरांत राहिली. तिला ते उंच खांब हवे आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मलाही पोर्च हवाच होता. त्या पोर्चमध्ये मी रोज संध्याकाळी बसते, हेही खरं.

काल रात्री त्याचा मेसेज आला की खोदाई दोन आठवडे पुढे ढकलली आहे आणि पाइलचा खर्च काढायला दिलाय. म्हणून आज हे घाईनं लिहितेय. परभणी, नांदेड, अकोला, यवतमाळ, कुठेही काळीत कुणी पाइल घालून साधं दोन-तीन खोल्यांचं घर बांधलं असेल, तर एका पाइलला किती खर्च आला, आणि ती खाली रुंद करायची अवजारं व माणसं कुठून आणली, ते मला जरूर कळवा. ठेकेदाराला तोवर मी थांबवून ठेवलं आहे, पण तो काही फार दिवस थांबणार नाही.